जुन्या कूपेला इंजिन कोणते? निसान २४०एसएक्सपुढील पर्याय

दोन दारांची, मागे उतरत्या छताची आणि वेगाने चालवण्याचा आनंद देण्यासाठी घडवलेली छोटी मोटार म्हणजे स्पोर्ट्स कूपे. अशी मोटार जुनी झाली, की तिच्या मालकापुढे एक प्रश्न उभा राहतो. मूळ इंजिन दुरुस्त करून तेच चालवावे, की त्याच्या जागी अधिक ताकदीचे दुसरे इंजिन बसवावे? या प्रश्नाची सर्वांत उद्बोधक चर्चा ज्या मोटारींच्या निमित्ताने झाली, त्यांत जपानच्या निसान कंपनीच्या '२४०एसएक्स'चा क्रमांक बराच वरचा आहे. उत्तर अमेरिकेत १९८९ ते १९९८ या मॉडेल-वर्षांत ही मोटार विकली गेली. शेवटची गाडीही आता पाव शतकापेक्षा अधिक वयाची झाली आहे. तरीही तिला मागणी आहे, आणि इंजिनाचा प्रश्न आजही तितक्याच हिरिरीने विचारला जातो.

बहुतेक वेळा या चर्चेत अश्वशक्तीच्या आकड्यांची तुलना होते आणि मोठा आकडा जिंकतो. प्रत्यक्षात निर्णय अवलंबून असतो तो गाडीच्या सांगाड्याची अवस्था, राज्याचा कायदा, गाडीचा वापर आणि मालकाची ऐपत या चार गोष्टींवर. आकडा त्यानंतर येतो. हा क्रम उलटा झाला, की अर्धवट उघडलेली गाडी वर्षानुवर्षे गॅरेजात पडून राहते आणि शेवटी भंगाराच्या भावाने जाते. या लेखात प्रत्येक पर्यायाचे गुणदोष आणि निवडीचा क्रम पाहू.

एकच मोटार, दोन बाजारपेठा

निसानने १९८८ मध्ये जपानात 'सिल्व्हिया' या मालिकेची नवी पिढी सादर केली. कंपनीच्या अंतर्गत संकेतात तिला 'एस१३' म्हणत. पुढे इंजिन, मागच्या चाकांना शक्ती, मागे अनेक दांड्यांचे मल्टिलिंक सस्पेन्शन आणि बेताचे वजन, अशी तिची रचना होती. १९८८-८९ चा 'कार ऑफ द इयर जपान' हा मान तिला मिळाला. याच सांगाड्यावर मागे वर उघडणाऱ्या मोठ्या दाराची '१८०एसएक्स' जपानात आणि '२४०एसएक्स' उत्तर अमेरिकेत विकली गेली. १९९३ मध्ये जपानात 'एस१४' ही पुढची पिढी आली. अमेरिकेत ती १९९५ ते १९९८ या मॉडेल-वर्षांत मिळाली. १९९९ ची 'एस१५' मात्र अमेरिकेत कधीच विकली गेली नाही. २००२ मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि सिल्व्हिया हे नावही संपले.

सांगाडा एक असला, तरी बॉनेटखाली मात्र दोन वेगळी जगे होती. जपानात मोटारीचा वार्षिक कर इंजिनाच्या घनक्षमतेनुसार पायरी-पायरीने वाढतो, आणि २००० सीसी ही त्यातील एक महत्त्वाची पायरी आहे. त्यामुळे तेथे लहान इंजिनाला टर्बोचार्जर जोडून ताकद मिळवणे सोयीचे ठरले. प्रारंभी १.८ लिटरचे 'सीए१८डीईटी' हे १७५ अश्वशक्तीचे इंजिन होते. १९९१ पासून त्याची जागा २ लिटरच्या 'एसआर२०डीईटी'ने घेतली. अमेरिकेत घनक्षमतेवर असा कर नव्हता. लांबच लांब महामार्गांवर खालच्या फेऱ्यांत भरपूर ओढ देणारे मोठे इंजिन तेथे रुचणारे होते. म्हणून तेथील गाडीला २.४ लिटरचे, टर्बोविरहित 'केए२४' इंजिन मिळाले. नावातील '२४०' हा आकडा त्याचाच निदर्शक आहे.

मूळ इंजिन : केए२४

१९८९ व १९९० च्या गाड्यांत 'केए२४ई' हे एका कॅमशाफ्टचे, बारा झडपांचे, १४० अश्वशक्तीचे इंजिन होते. १९९१ पासून 'केए२४डीई' हे दोन कॅमशाफ्टचे आणि सोळा झडपांचे इंजिन आले. त्याची कमाल शक्ती १५५ अश्वशक्ती असून टॉर्क ४४०० फेऱ्यांना सुमारे २१७ न्यूटन-मीटर आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे.

हौशी मंडळींत या इंजिनाला 'ट्रकचे इंजिन' असे हिणवले जाते. त्यामागे कारण आहे. निसानच्या पिकअप ट्रकांना याच कुळातील इंजिन होते आणि २००४ पर्यंतच्या 'फ्रंटियर' पिकअपमध्येही ते मिळत असे. १९९३ ते २००१ या काळातील 'अल्टिमा' या कुटुंबवत्सल मोटारीतही याच इंजिनाची आडवी आवृत्ती होती. हिणवणाऱ्यांच्या नजरेतून सुटते ते असे, की याच कारणामुळे त्याचे अनेक सुटे भाग अमेरिकेतील साध्या दुकानातही मिळतात आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही ते ठाऊक असते. ट्रकसाठी योग्य ठरलेला जाड बिडाचा ब्लॉक कूपेतही दीर्घकाळ टिकतो.

त्याचे दोषही आहेत. चार सिलिंडर आणि लांब स्ट्रोक यांमुळे वरच्या फेऱ्यांत ते खडबडीत वाटते. एस१३ मधील दोन कॅमशाफ्टच्या आवृत्तीत वरच्या टायमिंग चेनचे मार्गदर्शक झिजून खडखडाट होतो. हा दोष सर्वज्ञात आहे आणि त्यावरील उपायही प्रस्थापित आहे. ठिणगीचे वाटप डिस्ट्रिब्युटरद्वारे होते. तो जुना झाला की इंजिन अडखळू लागते आणि 'इंजिन गेले' असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. मूळ इंजिन काढून टाकण्याचा निर्णय घेण्याआधी डिस्ट्रिब्युटर, स्पार्क प्लग, इंधनाचे इंजेक्टर, हवामापक सेन्सर आणि जुन्या रबरी नळ्या यांची तपासणी करावी. 'दमलेले' वाटणारे इंजिन अनेकदा एवढ्यानेच ताळ्यावर येते.

जपानी पर्याय : एसआर२०डीईटी

एसआर२०डीईटी हे २४०एसएक्सच्या मालकांचे पहिले स्वप्न. एस१३ मध्ये त्याची शक्ती २०५, एस१४ मध्ये २२० आणि एस१५ मध्ये २५० अशी चढत गेली. टॉर्क तिन्ही आवृत्त्यांत सुमारे २७५ न्यूटन-मीटर इतका आहे. जपानी अश्वशक्ती अमेरिकी अश्वशक्तीपेक्षा किंचित लहान असते (सुमारे ०.९८६ पट), हे तुलना करताना ध्यानात ठेवावे. मात्र तेवढ्याने चित्र बदलत नाही.

टर्बोचार्जर म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरणारी चक्की. ती इंजिनात अधिक हवा कोंबते. अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळता येते. त्यामुळे २ लिटरचे इंजिन मोठ्या इंजिनाइतके बळ देते. एसआर२० चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने ते बिडाच्या केए२४ पेक्षा हलके आहे. गाडीच्या नाकावरील भार कमी झाल्याने वळणावर तिचा प्रतिसाद अधिक चपळ होतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल आहे. शिवाय हे इंजिन याच सांगाड्यासाठी मूळ कारखान्यात बसवले जात असल्याने त्यासाठी काही कापावे किंवा जोडावे लागत नाही. माउंटिंगच्या जागा जुळतात. एस१३ च्या एसआर२० सोबत येणारा पाच गिअरचा गिअरबॉक्स वापरला, तर मूळ प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियलही कायम ठेवता येतात.

दोषांचीही नोंद घ्यावी. एसआर२० च्या झडपा रॉकर आर्मच्या साहाय्याने उघडतात. इंजिन मर्यादेपलीकडे फिरवले, तर हे रॉकर आर्म जागेवरून निसटतात. चुकीचा गिअर पडण्याचा एक प्रसंगही त्यासाठी पुरेसा असतो. अमेरिकेत हे टर्बो इंजिन कधीच विकले गेले नसल्याने अनेक भाग मागवून घ्यावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाजारात मिळणारे प्रत्येक एसआर२०डीईटी आता दोन दशकांहून जुने आहे. एके काळी जपानातून कमी वापरलेली, स्वस्त इंजिने मोठ्या संख्येने येत असत. तो काळ सरला. आज मिळणाऱ्या इंजिनाचा इतिहास सहसा कोणालाच माहीत नसतो.

दोन इंजिनांचे अंकगणित

केए२४डीईच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली होण्याची लांबी, ९६ मिलिमीटर आहे. एसआर२० मध्ये व्यास व स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर आहेत. या दोन जोड्यांत दोन्ही इंजिनांचा स्वभाव सामावलेला आहे.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना केए२४ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.२ मीटर होतो, तर एसआर२० च्या पिस्टनचा १७.२ मीटर. एसआर२० ला १९.२ मीटरचा वेग गाठण्यासाठी सुमारे ६७०० फेरे घ्यावे लागतात. म्हणजेच पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण सारखा धरला, तर एसआर२० ला ७०० फेऱ्यांची अधिक मोकळीक आहे. उलट, टर्बोचा दाब तयार होण्यापूर्वी, शहरातल्या मंद वाहतुकीत, केए२४ ची जास्तीची ३९० सीसी जाणवते. दर लिटरमागे शक्ती पाहिली, तर केए२४डीई सुमारे ६५ आणि एस१३ चे एसआर२०डीईटी सुमारे १०३ अश्वशक्ती देते. ही तफावत प्रामुख्याने टर्बोची आहे. म्हणूनच पुढचा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. हाच टर्बो केए२४ ला जोडला तर?

मूळ इंजिनाला टर्बो

हा मार्ग अनेकांनी यशस्वीपणे चोखाळला आहे. बिडाचा ब्लॉक दाब सोसण्यास समर्थ आहे आणि मोठी घनक्षमता टर्बोला लवकर फिरवते. मात्र केए२४डीईचे कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.५ आहे, तर एस१३ च्या एसआर२०डीईटीचे ८.५. टर्बोविरहित इंजिनासाठी ठरवलेल्या या उच्च गुणोत्तरात टर्बोचा दाब मिळवला, की इंधनाचा अवेळी स्फोट होण्याचा धोका वाढतो. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. काही क्षणांचे तीव्र नॉकिंगही पिस्टनच्या कडा फोडू शकते.

म्हणून मूळ पिस्टन ठेवायचे असतील, तर दाब बेताचा असावा. साधारणपणे अर्ध्या बारच्या आसपास थांबणे शहाणपणाचे. मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, सक्षम इंधनपंप आणि जाणकाराने डायनोवर केलेले ट्यूनिंग या गोष्टी त्यात गृहीतच आहेत. यांतील ट्यूनिंगवर पैसे वाचवणारा माणूस पुढे इंजिनावर खर्च करतो. शिवाय टर्बो चढवण्यापूर्वी मूळ इंजिन निरोगी असले पाहिजे. लाखभर मैल धावलेल्या, तेल खाणाऱ्या इंजिनावर टर्बो बसवणे म्हणजे आजारी माणसाच्या पाठीवर गोणी देणे होय.

सहा आणि आठ सिलिंडरांचे पर्याय

'स्कायलाइन' या निसानच्याच मोटारीतील आरबी मालिकेची सहा सिलिंडरी इंजिनेही या कूपेत बसवली जातात. त्यांपैकी २.५ लिटरचे 'आरबी२५डीईटी' सुमारे २५० अश्वशक्ती देते. सहा सिलिंडर एका ओळीत असल्याने ते अत्यंत सफाईने फिरते. परंतु ते लांब आहे आणि त्याचा ब्लॉक बिडाचा आहे. जास्तीचे वजन नेमके पुढच्या चाकांवर येते. ज्या चपळाईसाठी ही गाडी घ्यावी, तीच काही अंशी गमवावी लागते. आरबी इंजिनांचे व त्यांच्या भागांचे भावही चढे आहेत.

अमेरिकेत अधिक रूढ झालेला पर्याय आहे तो जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेच्या व्ही-८ इंजिनांचा. यातील पहिले 'एलएस१' १९९७ च्या 'कॉर्व्हेट'मध्ये आले. ५.७ लिटर घनक्षमता, ३४५ अश्वशक्ती आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक ही त्याची वैशिष्ट्ये. झडपा उघडणारा एकच कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असल्याने हेडचा आकार लहान राहतो आणि घनक्षमतेच्या मानाने इंजिन आश्चर्यकारकरीत्या आटोपशीर होते. वजनातील वाढही आकड्यावरून वाटते तितकी मोठी नसते. टर्बोची प्रतीक्षा न करता पायाखाली तात्काळ ताकद मिळते. सुटे भाग अमेरिकेत सर्वत्र उपलब्ध आहेत.

परंतु इंजिन स्वस्तात मिळाले, तरी ते गाडीत बसवणे स्वस्त नसते. नवी माउंटिंगे, वेगळा ऑइल पॅन, सहा गिअरचा भक्कम गिअरबॉक्स, मापाने बनवलेला प्रोपेलर शाफ्ट, मोठा रेडिएटर, नवे एक्झॉस्ट आणि वायरिंग अशी यादी लांबत जाते. त्याचबरोबर दीडशे अश्वशक्तीसाठी योजलेले ब्रेक, डिफरन्शियल आणि मागचे ॲक्सल यांचाही पुनर्विचार करावा लागतो. साडेतीनशे अश्वशक्तीची गाडी मूळ ब्रेकवर रस्त्यावर आणणे हे बेजबाबदारपणाचे आहे.

कायद्याची बाजू

अमेरिकेत इंजिन बदलाचा विचार करताना उत्सर्जनविषयक कायदा प्रथम पाहावा. तेथील संघीय पर्यावरण संस्थेच्या धोरणानुसार, इंजिन बदलल्यानंतरची गाडी ही त्याच किंवा त्यानंतरच्या मॉडेल-वर्षाच्या, अमेरिकेत प्रमाणित झालेल्या एखाद्या रचनेशी समतुल्य असली पाहिजे. कॅलिफोर्नियात याची काटेकोर अंमलबजावणी होते. इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा नवे असावे लागते. ते ज्या गाडीतून आले, तिची सर्व प्रदूषण नियंत्रक यंत्रणा सोबत बसवावी लागते. त्यानंतर राज्याने नेमलेल्या पंचाकडून, म्हणजे 'रेफरी'कडून, तपासणी करून घ्यावी लागते.

यातून एक विलक्षण विसंगती निर्माण होते. एसआर२०डीईटी हे त्याच कंपनीने त्याच सांगाड्यासाठी बनवलेले छोटे इंजिन. पण ते अमेरिकेत कधी प्रमाणित झाले नाही, म्हणून कॅलिफोर्नियात ते बसवलेली २४०एसएक्स तपासणीत उत्तीर्ण होत नाही. उलट, १९९८ च्या 'कमारो'चे ५.७ लिटरचे अजस्र इंजिन सर्व मूळ यंत्रणेसह १९९१ च्या २४०एसएक्समध्ये बसवले, तर ते मान्य होऊ शकते. केए२४ ला टर्बो जोडायचा झाल्यास त्या संचाला राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा मान्यता क्रमांक असावा लागतो. १९९६ व त्यानंतरच्या गाड्यांत संगणकीय निदानप्रणाली बंधनकारक असल्याने बदललेल्या इंजिनातही ती चालू स्थितीत असणे आवश्यक आहे.

काही राज्यांत अशी तपासणीच होत नाही. तेवढ्याने बदल कायदेशीर ठरतो असे नव्हे, कारण प्रदूषण नियंत्रक यंत्रणेशी छेडछाड करण्यास मनाई करणारा 'क्लीन एअर ॲक्ट' हा संघीय कायदा देशभर लागू आहे. शिवाय मालकाने राज्य बदलले किंवा गाडी विकायला काढली, की तपासणीचा प्रश्न दारात उभा राहतो. विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती देणेही आवश्यक आहे.

एक चौथा मार्ग काळाने मोकळा केला आहे. २५ वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी मोटारींना अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांतून सूट मिळते. त्यामुळे १९८८ ची एस१३ सिल्व्हिया २०१३ पासून, १९९३ ची एस१४ २०१८ पासून आणि १९९९ ची एस१५ २०२४ पासून आयातीस पात्र झाली. टर्बो इंजिनासाठी अमेरिकी गाडीची चिरफाड करण्यापेक्षा ज्या गाडीत ते मुळातच आहे, ती आणणे अनेकांना सोयीचे वाटते. तिचे चालकचक्र उजवीकडे असते, हे मात्र अमेरिकी रस्त्यांवर लक्षात ठेवावे लागते. कॅलिफोर्नियात अशा आयात गाडीसाठी प्रयोगशाळेची वेगळी चाचणी करावी लागते.

ही मोटार भारतात कधीच अधिकृतपणे विकली गेली नाही. परंतु जुन्या गाडीला नवे इंजिन बसवण्याचा विचार महाराष्ट्रातील हौशी मालकही करतात. त्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाचावे. नोंदणी पुस्तिकेतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करण्यास हे कलम प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. म्हणून कोणत्याही कामाआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करणे श्रेयस्कर.

इंजिनाआधी सांगाडा

तीन दशके जुन्या गाडीत इंजिनापेक्षा गंज अधिक महत्त्वाचा असतो. इंजिन बदलता येते, कुजलेला सांगाडा सहजी बदलता येत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतील गाड्या विशेष काळजीपूर्वक पाहाव्यात. दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक जेथे बसते ती जागा, बुडाखालचे लांब कणे आणि मागच्या चाकांच्या कमानी येथे गंज शोधावा. नवा रंग किंवा जाड काळा लेप दिसला, तर त्याखाली काय आहे हे विचारावे. ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाके घसरवत वळण घेण्याचा खेळ, यासाठी ही गाडी लोकप्रिय झाली. त्यामुळे अनेक गाड्या भिंतीला घासून पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. चारही चाकांची अलाइनमेंट मोजून घेतली, की वाकलेला सांगाडा लपत नाही.

त्यानंतर बुशिंग, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे आणि टायर यांचा क्रम लागतो. मूळ १५५ अश्वशक्तीच्या गाडीत या गोष्टी नव्या केल्या, की ती पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली धावते. अनेक मालकांना आपल्याला हवी असलेली गाडी हीच होती, हे येथेच कळते. जो हा टप्पा गाळून थेट नव्या इंजिनाकडे जातो, त्याला ढिल्या गाडीत अधिक वेग मिळतो, आणि तो धोक्याचा असतो.

जुने इंजिन खरेदी करताना

दुसरे इंजिन घ्यायचेच ठरले, तर पुढील दक्षता घ्यावी.

एक, इंजिन एकटे न घेता गिअरबॉक्स, वायरिंग, नियंत्रक संगणक आणि सेन्सर यांसह पूर्ण संच घ्यावा. सुट्या वस्तू गोळा करण्यातच वेळ व पैसा जातो.

दोन, चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. आकडे नुसते मोठे असून भागत नाही, ते एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत. एक सिलिंडर मागे पडला असेल, तर गळती-चाचणीने त्याचे कारण शोधावे.

तीन, तेलाचे झाकण उघडून आत पाहावे. काळा चिकट थर दुर्लक्ष सांगतो. पांढरट फेस तेलात पाणी मिसळल्याची शंका निर्माण करतो. टर्बोचा दांडा हाताने हलवून त्यात खेळ आहे का ते तपासावे.

चार, बाहेर असतानाच वॉटर पंप, सील, गॅस्केट, क्लच आणि रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. इंजिन बसल्यावर याच कामासाठी अनेक पट मजुरी लागते.

पाच, अंदाजपत्रक पूर्ण कामाचे करावे आणि त्यात अनपेक्षित खर्चासाठी पुरेशी तरतूद ठेवावी. पैसे पूर्ण जमेपर्यंत चालती गाडी उघडू नये.

कोणी काय निवडावे?

रोज कामावर जाण्यासाठी किंवा आठवड्याच्या शेवटी फिरण्यासाठी गाडी वापरणाऱ्याने मूळ केए२४डीई उत्तम स्थितीत आणावे. तो सर्वांत स्वस्त, कायदेशीर आणि विश्वासार्ह मार्ग आहे. न बदललेल्या गाड्या आता दुर्मिळ होत चालल्या आहेत आणि जाणकार ग्राहक अशा गाडीसाठी अधिक मोल देण्यास तयार असतो, हाही एक लाभ.

ज्याला थोडी अधिक ताकद हवी आहे, इंजिन निरोगी आहे आणि जवळ चांगला ट्यूनर आहे, त्याने बेताच्या दाबाचा टर्बो विचारात घ्यावा. मात्र राज्याची मान्यता आधी पाहावी.

मूळ सिल्व्हियाचा स्वभाव ज्याला अनुभवायचा आहे, त्याच्यासाठी एसआर२०डीईटी योग्य आहे. त्यातही कायद्याचा अडसर असेल, तर आयात केलेली पूर्ण गाडी हा अधिक सरळ मार्ग ठरतो. केवळ बंद ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी हे इंजिन आजही तिच्या हलक्या नाकामुळे प्रिय आहे.

व्ही-८ त्याने निवडावे, ज्याच्याकडे ब्रेकपासून ॲक्सलपर्यंत सारी गाडी नव्याने उभारण्याची तयारी व पैसा आहे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मोठ्या ताकदीचा तो एक कायदेशीर मार्ग आहे, हेही खरे. आरबी मालिकेचा पर्याय मुख्यतः त्या इंजिनाच्या चाहत्यांसाठी आहे. व्यवहाराच्या तराजूत तो मागे पडतो.

ज्यांचा निर्णय अजून होत नाही, त्यांनी प्रथम गंज, सस्पेन्शन आणि ब्रेक यांवर खर्च करावा. मूळ इंजिनावर एक वर्ष गाडी चालवावी. त्या वर्षात शक्ती कोठे कमी पडली, किती वेळा कमी पडली, याची नोंद ठेवावी. वर्षाअखेरीस हीच नोंद कोणते इंजिन घ्यावे, किंवा मुळात घ्यावे की नाही, याचे उत्तर देईल. तोवर केलेला खर्च वाया जाणार नाही, कारण पुढे कोणतेही इंजिन बसवले, तरी ही सारी कामे करावीच लागणार आहेत.